परक्या देशातला संसार



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले लग्न होताच कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा आखाताकडे निघतात. विवाहपूर्व वर्गात वरवधू आम्हांला विचारतात, ‘फादर, तिकडे आपले माणूस कोणी नाही, निभेल ना?’ उत्तरादाखल आज एका जोडप्याची हकीकत पाहू या. जोव्हान्नी बेर्गोल्यो आणि रोझा वास्साल्लो, म्हणजेच पोप फ्रान्सिस यांचे आजोबा-आजी.

१९०७ साली इटलीतील तुरिन येथे त्यांचा विवाह झाला. घरची उपासमार मुळीच नव्हती. परंतु जोव्हान्नींचे भाऊ १९२२ पासून अर्जेंटिनातील पराना शहरी रस्ते फरसबंद करण्याचा व्यवसाय करीत होते, आणि भावंडांनी एकत्र राहावे म्हणून हे दोघे निघाले. माणूस केवळ पोटासाठीच देश सोडतो असे नाही. ‘प्रिन्चिपेस्सा माफाल्दा’ या बोटीची तिकिटे त्यांनी काढली होती. पण मालमत्तेची विक्री वेळेत न झाल्याने जाणे राहिले. ती बोट २५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडून तीनशेहून अधिक माणसे दगावली.

पुढे १९२९ च्या सुरुवातीस, मुलगा मारियोसह, ते ब्वेनोस आयरेस बंदरात उतरले. तिकडे तेव्हा उन्हाळा होता. तरीही रोझाबाईंच्या अंगावर केसाळ कॉलरचा जाड कोट! त्याच्या अस्तरात सगळी विक्रीची रक्कम शिवलेली होती.

पराना येथे चार मजली घर होते, भावांना एकेक मजला. वर जायला लिफ्टही होती. तीन वर्षांत, १९३२ च्या मंदीत, व्यवसाय बुडाला. घर विकावे लागले, घराण्याची थडग्याची जागाही विकावी लागली. तुरिनचे सर्व तर आधीच विकलेले. त्या वेळी दोघेही पन्नाशीकडे झुकलेले होते. सालेशियन धर्मगुरू फादर एन्रिको पोझोली यांनी एका गृहस्थाशी गाठ घालून दिली. त्यांच्याकडून दोन हजार पेसो कर्ज मिळाले आणि ब्वेनोस आयरेसमध्ये वाणसामानाचे दुकान उभे राहिले. हिशेबनीस असलेला मारियो गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवू लागला. (कर्ज मिळवून देऊनही सांत्वन करता येते, हे आम्हां धर्मगुरूंनी टिपून ठेवावे.)

आपल्याकडे नवराबायकोचे बिनसले तर मावशी, थोरला दीर, शेजारची बाय मध्ये पडते. परदेशातल्या दोन खोल्यांत मध्ये पडणारे कोणी नसते; एकमेकांचे सासर-माहेर, गाव-गल्ली ती दोघेच. तेव्हा नुसते टिकून राहणे पुरत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी टिकून राहणे आणि निष्ठा यांत भेद केला आहे. न बदलणे दगडालाही जमते; निष्ठावंत माणूस मात्र समोरच्यासाठी मनाने हजर असतो. दिवसभर कामावर राबून आलेल्या जोडप्याला ही हजेरीच जड जाते. पैशाची चणचण त्यामानाने सोसवते.

आणखी एक गोष्ट. मारियो घरी मुलांशी स्पॅनिशच बोलत, आपली पिएमोंतेस बोली कधी बोलत नसत. ओढ होती म्हणूनच ती दडपली, असे त्यांच्या थोरल्या मुलाने पुढे म्हटले. परक्या देशात रुजताना मधल्या पिढीला हे करावे लागते. त्याबद्दल तिला बोल लावू नये. होर्हे, म्हणजे पुढचे पोप, १७ डिसेंबर १९३६ रोजी जन्मले. पाठचा भाऊ झाला तेव्हा रोझाआजी रोज सकाळी येऊन त्यांना आपल्या घरी नेत. तिथे आजी-आजोबा आपसात पिएमोंतेस बोलत. पोराने ती तिथेच उचलली, आणि प्रार्थनाही आजीकडूनच. म्हणून टोरंटोच्या नातवाशी फोनवर इंग्रजी जुळवत बसणाऱ्या आजींना आम्ही सांगतो, बाय, तू आपली कादोडीच बोल. निम्मे कळेल, निम्मे मागाहून कळेल.

जोव्हान्नी १९६४ साली वारले. सुमारे सत्तावन वर्षांचा संसार झाला. १३ डिसेंबर १९६९ रोजी नातवाची गुरुदीक्षा झाली. तो दिवस आपण पाहू की नाही या शंकेने रोझाआजींनी पत्र आधीच लिहून ठेवले होते, निम्मे स्पॅनिशमध्ये, निम्मे पिएमोंतेसमध्ये. नातवंडांना दीर्घायुष्य लाभो; पण कधी दुःखाने मन भरून आले तर पवित्र साक्रामेंतापुढे टाकलेला एक सुस्काराही जखमेवर फुंकर घालतो, अशा आशयाचे. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. आजीचे ते पत्र त्यांनी आपल्या रोजच्या प्रार्थनापुस्तकात जपून ठेवले होते.