गुटी कलमाचे शेवाळ व कुंडीची माती : हाताळताना घ्यावयाची दक्षता

डाळिंब, पेरू, कागदी लिंबू इत्यादी फळझाडांची गुटी कलमे बांधताना फांदीच्या सोललेल्या भागाभोवती ओलसर शेवाळ गुंडाळण्याची पद्धत आपल्या रोपवाटिकांतून रूढ आहे. व्यवहारात या शेवाळास 'मॉस' असे म्हणतात. ऑर्किडची लागवड करणारे, कुंडीत बोन्साय वाढविणारे हौशी लोक आणि रोपे दूरच्या गावी पाठविणारे व्यापारी हेही त्याचा उपयोग करतात. उत्तम प्रतीचे शेवाळ स्फॅग्नम जातीचे असते. बाजारात त्या नावाने मिळणारा सर्वच माल त्या जातीचा असतो असे मात्र नाही. वाळलेले स्फॅग्नम आपल्या वजनाच्या पंधरा ते वीस पट पाणी धरून ठेवते व तरीही त्यात हवा खेळती राहते. मुळे फुटण्यास याहून सोयीचे माध्यम सहसा सापडत नाही.

परंतु जो ओलावा मुळांना मानवतो तोच एका बुरशीलाही मानवतो, आणि ती बुरशी मनुष्याच्या त्वचेत रोग उत्पन्न करते. बुरशीचे नाव स्पोरोथ्रिक्स व रोगाचे नाव स्पोरोट्रायकोसिस. या रोगात हातावरील क्षुल्लक जखम महिनोन्‌महिने भरून येत नाही. मजुरी बुडते, औषधावर पैसा खर्च होतो, आणि मूळ कारणाकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. म्हणून रोपवाटिकाधारक, कलमे बांधणारे कारागीर व गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते या सर्वांना या रोगाची ओळख असणे जरूर आहे.

ही बुरशी जमिनीत, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, लाकडात व शेवाळात राहते. तेथे तिचे रूप तंतुमय असते. काट्याने, काडीने अथवा चाकूने झालेल्या जखमेवाटे ती शरीरात शिरली की तेथील उष्णतेने तिचे रूप पालटते व ती यीस्टसारख्या सूक्ष्म पेशींच्या रूपाने वाढू लागते. अखंड त्वचेतून ती सहसा आत शिरत नाही. या एका गोष्टीवरच पुढील सर्व उपाय आधारलेले आहेत.

इ. स. १९८८ मध्ये अमेरिकेत या रोगाची मोठी साथ झाली. विस्कॉन्सिन राज्यातून आणलेल्या स्फॅग्नम शेवाळात सूचिपर्णी झाडांची रोपे बांधून पेनसिल्व्हेनियातून निरनिराळ्या ठिकाणी पाठविण्यात आली होती. ती रोपे हाताळणाऱ्यांपैकी अनेक राज्यांतील ८४ लोकांना हा रोग जडला. पुढे १९९४ मध्ये फ्लोरिडातील एका रोपवाटिकेत तारेच्या सांगाड्यात शेवाळ भरून शोभेच्या आकृती बनविणाऱ्या ६५ कामगारांपैकी ९ जण आजारी पडले. चौकशीत असे दिसून आले की, जे अधिक काळ शेवाळात काम करीत होते व ज्यांना बागकामाचा अनुभव कमी होता, त्यांना धोका अधिक होता. ज्यांनी हातमोजे घातले होते त्यांचा बचाव झाला. नव्या मजुरास कामावर घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात हा रोग प्रामुख्याने हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात, हिमाचल प्रदेशापासून आसामपर्यंत, आढळतो. डोंगराळ प्रदेशातील शेवाळ आपल्याकडे येते, तेव्हा त्यासोबत काय येते याचा विचार करणे इष्ट होय.

जखम झाल्यानंतर लगेच काही दिसत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. साधारणपणे एक ते बारा आठवड्यांनी बोटावर, मनगटावर किंवा हाताच्या मागील बाजूस लालसर अथवा जांभळट रंगाची एक लहान गाठ येते. ती फारशी दुखत नाही. काही दिवसांनी ती फुटून तेथे व्रण पडतो. त्यानंतर त्या व्रणापासून कोपराकडे, कधी दंडापर्यंत, माळेतील मण्यांप्रमाणे एकामागून एक गाठी उठू लागतात. ही माळ हीच या रोगाची ओळखण्याजोगी खूण आहे. तोपर्यंत रुग्णाला मूळ काट्याची आठवणही उरलेली नसते. तो हळद लावतो, चुना लावतो, गळू समजून सुई टोचतो. दवाखान्यात गेला तर जंतुनाशक गोळ्या मिळतात. बुरशीवर त्या गोळ्यांचा काहीच परिणाम होत नाही.

अशा वेळी कार्यकर्त्याने स्वतः औषध सुचवू नये. रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे व "मी रोपवाटिकेत शेवाळाचे काम करतो" हे डॉक्टरांना सांगण्यास आवर्जून बजवावे. हे एक वाक्य उपचाराचे काही महिने वाचवू शकते, कारण बुरशीची तपासणी मुद्दाम सांगितल्यावाचून केली जात नाही. इट्राकोनॅझोल या औषधाने रोग बरा होतो. मात्र ते बहुधा तीन ते सहा महिने घ्यावे लागते, आणि गाठी बसल्या म्हणून मध्येच सोडता येत नाही. पोटॅशियम आयोडाइड हे जुने व स्वस्त औषधही उपयोगी पडते. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. स्त्री मजूर गरोदर असल्यास तिने ते आधीच सांगितले पाहिजे. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला सहसा होत नाही, तेव्हा रुग्णाला वेगळे बसविण्याचे अथवा कामावरून काढण्याचे काहीच कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डाळिंबाच्या गुटी कलमात दोन गोष्टी एकत्र येतात : फांदीला काटे असतात आणि हाताला शेवाळ लागलेले असते. पावसाळ्यात, कलमे बांधण्याच्या घाईत, एकच मजूर चाकूने साल काढतो, घमेल्यातील भिजविलेले शेवाळ मुठीत घेऊन पिळतो व त्याच हाताने काटेरी फांदीभोवती बांधतो. बुरशीला शिरकाव करून घेण्यास याहून चांगली संधी नाही. यावर उत्तम तोड म्हणजे कामाची विभागणी. शेवाळ भिजविणे, पिळणे व प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांत भरणे हे काम आदल्या दिवशी सावलीत बसून, रबरी हातमोजे घालून उरकावे. दुसऱ्या दिवशी बागेत ती भरलेली पिशवी एका बाजूने चिरून सोललेल्या भागावर बसवावी व सुतळीने आवळावी. असे केल्याने काटे लागणाऱ्या हाताचा शेवाळाशी संबंध पुष्कळच कमी होतो, आणि कामही लवकर होते.

हातमोज्यांनी बोटांची पकड जाते अशी कारागिरांची तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी नाही. गाठ बांधताना पातळ मोजे पुरतात; परंतु शेवाळ पिळताना व निवडताना जाड मोजे घालण्यास कोणतीही अडचण येऊ नये. शेवाळातील काड्या, खडे आधी चिमट्याने काढून टाकावेत. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. हाताला आधीच जखम असेल तर त्या दिवशी शेवाळाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. काम संपल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, आणि काटा लागला असेल तर तो काढून जखम त्याच वेळी धुवावी.

शेवाळ हंगामापुरतेच विकत घ्यावे. ओले करून उरलेले शेवाळ पोत्यात कोंबून पुढील वर्षासाठी ठेवण्याची सवय वाईट आहे. दमट शेवाळात बुरशीची वाढ होत राहते. शिल्लक माल कोरडा ठेवावा. गुटीसाठी काही ठिकाणी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. तो वापरण्यास हरकत नाही, परंतु तो निर्धोक आहे असे समजून मोजे काढून ठेवू नयेत.

कुंड्या व पिशव्या भरण्याच्या मातीपासून संभवणारा धोका निराळा आहे. तो श्वासावाटे येतो. लिजिओनेला लाँगबीची नावाचा जंतू कुंडीसाठी तयार केलेल्या मिश्रणात राहू शकतो व त्यापासून न्यूमोनिया होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८८-८९ मध्ये झालेल्या रुग्णांचा संबंध अशा मिश्रणाशी जोडला गेला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे अशा मातीच्या पिशव्यांवर धोक्याची सूचना छापलेली असते. वयस्कर माणसे, धूम्रपान करणारे व छातीचा विकार असलेले यांनी विशेष जपावे. पिशवी तोंडापासून दूर धरून उघडावी, मिश्रण बंद खोलीत न चाळता उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून चाळावे, आणि धूळ उडू नये म्हणून प्रथम पाणी शिंपडावे. मातीच्या हाताने तंबाखू मळण्याची व बिडी ओढण्याची सवय येथे फार घातक ठरते. हात धुतल्याखेरीज तोंडात काही घालू नये. काम केल्यानंतर काही दिवसांत ताप, खोकला व धाप असा त्रास झाल्यास मातीत काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

शेणखत मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. प्रत्येक मजुराने धनुर्वातप्रतिबंधक लस दर दहा वर्षांनी टोचून घ्यावी. लस केव्हा टोचली त्याची तारीख रोपवाटिकेच्या हजेरीपटावर मजुराच्या नावापुढे नोंदवून ठेवणे सोयीचे पडते.