प्रयोगशाळेतल्या चेतापेशी : म्हातारपण जपून ठेवण्याची युक्ती

शनिवारी सकाळी भारतात फोन लावला की तिकडे संध्याकाळ झालेली असते. "जेवलास का रे?" आई विचारते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आपण हसून उत्तर देतो. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की मात्र पोटात गोळा येतो. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. या वर्षीचा आपला निधी याच कामासाठी आहे, म्हणून या आजाराचं संशोधन कसं चालतं ते थोडक्यात लिहितो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. मला समजलं तसं सांगतो.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर तो दुरुस्त करणं फार अवघड. मेंदूच्या बाबतीत नेमकी हीच पंचाईत आहे. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून प्रयोग करता येत नाहीत.

मग मेंदू मिळणार कुठून? मंडळी, याचं एक उत्तर आपल्या ईडन प्रेरीपासून तास-सव्वा तासावर मिळालं. हायवे 169 ने दक्षिणेला गेलं की मॅनकॅटो लागतं. तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये 1986 साली मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्नोडन यांनी 'नन स्टडी' सुरू केला. पुढे इतर ठिकाणच्या कॉन्व्हेंटमधल्या मिळून 678 सिस्टर्स त्यात आल्या. सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. दरवर्षी त्या स्मरणशक्तीच्या चाचण्या देत आणि मृत्यूनंतर मेंदू दान करत. त्यातून कळलं की काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या भरपूर खुणा असूनही त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. पण मृत्यूनंतर मिळालेला मेंदू म्हणजे क्रॅश झाल्यानंतरची लॉग फाइल. शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही.

उंदरांवरही प्रयोग झाले. 1996 साली मिनेसोटा विद्यापीठातच कॅरन ॲश यांच्या गटाने एक उंदीर तयार केला. त्याच्या मेंदूत ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होत आणि तो विसरभोळाही होई. पण माणसात मरतात तशा मोठ्या प्रमाणावर त्याच्या चेतापेशी मरत नव्हत्या. उंदीर तो उंदीरच.

नवी वाट दाखवली जपानच्या शिन्या यामानाका यांनी. 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेतल्या पेशीत फक्त चार जनुकं घालून त्यांनी तिला गर्भातल्यासारखी मूळपेशी बनवलं. अशा मूळपेशीपासून हवी ती पेशी करता येते, चेतापेशीसुद्धा. 2012 साली त्यांना नोबेल मिळालं.

पण इथे एक मेख आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांची पेशी या मार्गाने नेली की तिचं वय पुसलं जातं. कॉम्प्युटर फॅक्टरी रीसेट करावा तसंच. आणि आपल्याला तर म्हातारपणाचाच आजार बघायचाय!

यावर उपाय म्हणजे मूळपेशीचा थांबा गाळून त्वचेच्या पेशीची थेट चेतापेशी करायची. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत 2015 साली नवजात बाळापासून 89 वर्षांपर्यंतच्या लोकांच्या पेशींवर हे करून पाहिलं. थेट बनवलेल्या चेतापेशींत दात्याच्या वयाच्या खुणा टिकल्या, मूळपेशीमार्गे बनवलेल्यांत पुसल्या गेल्या.

2024 साली सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू यू यांच्या गटाने उतारवयात अल्झायमर झालेल्यांच्या त्वचेपासून अशाच चेतापेशी केल्या आणि त्या जेलमध्ये, जाडी असलेल्या थरात वाढवल्या. ॲमिलॉइडच्या गुठळ्या, टाउ प्रथिनाचा बिघाड आणि पेशींचा मृत्यू, तिन्ही गोष्टी तिथे दिसल्या. बग अखेर पुन्हा घडला! गुठळ्या होण्याआधी ॲमिलॉइड रोखणारं औषध दिलं तर नुकसान कमी झालं. गुठळ्या झाल्यावर दिलं तर फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे वेळ महत्त्वाची. लॅमिव्हुडिन या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधानेही फायदा दिसला. मुंबईच्या सिप्लाने 2001 साली गरीब देशांसाठी स्वस्तात दिलेल्या तीन औषधांच्या गोळीतलं हे एक औषध. पण हे सगळं बशीत झालेलं आहे. कुणी घरी प्रयोग करू नयेत!

बशीतल्या पेशी म्हणजे मेंदू नव्हे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, आठवणी नाहीत, आई नाही. शिवाय जगातले बरेचसे नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्या लोकांच्या पेशीही हव्यात. बंगळुरूला निमहान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्था मिळून भारतीय कुटुंबांच्या पेशींवर असं काम करतात आणि त्यात अल्झायमरही आहे.

मॅनकॅटोच्या सिस्टर्सनी मेंदू दिले, कुठल्याशा अनोळखी आजोबांनी त्वचेचा मसुरीएवढा तुकडा दिला. त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. आपल्याकडे आज चेकबुक मागितलंय, एवढंच. आणि हो, पुढच्या शनिवारी आईने चौथ्यांदा विचारलं, तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगा, "हो आई, जेवलो."