प्राणसंकट आणि माळ

गेल्या एकादशीस गोरोबाकाकांच्या मंदिरात कीर्तन आटोपले, तेव्हा कॉलेजात शिकणारा एक माळकरी मुलगा पुढे आला. म्हणाला, "महाराज, भर समुद्रात जहाज फुटले, जवळ अन्न नाही. माळकऱ्याने मासा मारून खाल्ला, तर माळ राहिली का गेली?"

तेरच्या पोराला समुद्र कुठून आठवला? तशी ओळख जुनी आहे म्हणा. हे गाव तगर होते, तेव्हा इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. पण पोराने वाचली होती यान मार्टेल यांची 'लाइफ ऑफ पाय' ही २००१ सालची कादंबरी. तिच्यात पाँडिचेरीचा एक शाकाहारी मुलगा आहे. १९७७ साली जहाज बुडून आईबाप, भाऊ जातात. नावेत उरतात तो आणि एक वाघ. असे २२७ दिवस. पहिला मासा मारताना तो रडतो. पुढे हात सरावतो, कासवाचे रक्तही पितो. पण त्या पहिल्या माशाला रोजच्या प्रार्थनेत विसरत नाही.

ही केवळ कल्पना म्हणून सोडू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली; सहाशेवर माणसे गेली. जी वाचली त्यांतली कित्येक पोहून वाचली. त्यांनी हातपाय मारले म्हणून त्यांचा देवावर भाव नव्हता, असे कोण म्हणेल? गजेंद्रानेही आधी बळ होते तोवर पाय ओढलाच, धावा मग केला.

आता शास्त्र पाहू. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशातले पीक बुडालेले, ब्राह्मण उपाशी. हत्तीवाला उडदाच्या घुगऱ्या खात होता, त्याच्याकडे याने त्या उष्ट्याच मागितल्या आणि खाल्ल्या. हत्तीवाल्याने पाणी पुढे केले, तर म्हणतो, नको, ते उष्टे आहे. "अहो, मग घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का?" त्यावर उत्तर असे की त्या खाल्ल्या नसत्या तर जगलो नसतो, पाणी मला हवे तिथे मिळेल. उरलेल्या बायकोसाठी नेल्या. तिला भिक्षा मिळाली होती, तिने त्या ठेवून दिल्या. सकाळी याने त्याच शिळ्या खाल्ल्या आणि राजाच्या यज्ञाला गेला! ब्रह्मसूत्रांनी हीच कथा धरून ठरवले की प्राण जात असेल तेव्हाच सर्व अन्नाची मोकळीक, एरवी नाही.

म्हणून मी सांगितले, माळ माशाने गेली नाही. काठाला लागून भाकरी मिळाल्यावरही जिभेसाठी मासा मागितला, तर गेली.

मागे बसलेले एक म्हातारे म्हणाले, "पण आमच्या काकांना देहाची शुद्ध नव्हती." बाबा, नव्हती खरी, पण काका तेव्हा चिखल तुडवीत होते, तो प्रपंचासाठीच ना? देहभान सुटणे निराळे, देह टाकून देणे निराळे.

मुलगा उठेना. कादंबरीच्या शेवटी तो वाचलेला पोर दुसरी हकीकत सांगतो. तीत जनावरे नाहीत, माणसेच माणसांना मारतात; वाघ म्हणजे त्याचीच जगण्याची ओढ, असा अर्थ मग लागतो. "तिथे काय, महाराज?"

तिथे उषस्तीचा दाखला चालत नाही. त्याने मागून खाल्ले, कोणाचा जीव घेतला नाही. आणि खरे पाहता मासाही जीवच. मोकळीक मिळाली म्हणून तो परत येत नाही. पोर रोज त्याची आठवण करतो, ते मला यासाठीच पटले. एवढे बोललो, तोवर काकड्याची वेळ झाली होती.