घाटापलीकडचं स्वस्त घर

स्वतःची चूक प्रथमपुरुषी सांगायला बसलं की माणूस नकळत स्वतःची वकिली करू लागतो. म्हणून या लेखात मी स्वतःला ‘प्रस्तुत लेखक’ म्हणणार आहे. जुन्या मासिकांतला हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही, पण चुकलेल्या माणसाला चार हात लांब उभं करून न्याहाळायला तो सोयीचा आहे.

तर प्रस्तुत लेखक मूळचा वाईचा, पसरणीच्या घाटाखाली वाढलेला. दरड आली की वरची वाहतूक थांबते, दुधाची गाडी अडकते, लग्नाचं वऱ्हाड खोळंबतं, हे सगळं त्यानं लहानपणी पाहिलेलं. अशा माणसानं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत जाऊन घाटापलीकडे घर भाड्यानं घ्यावं आणि भाड्याच्या हिशेबात घाटच धरू नये, याला काय म्हणावं ते त्याच्या बायकोनं वेळोवेळी म्हणून झालेलं आहे.

अर्थविषयक पानं वाचणाऱ्यांना ‘जॅक्सन होल’ या अमेरिकेतल्या दरीचं नाव ठाऊक असतं. १९८२पासून बहुतेक दर ऑगस्टमध्ये जगभरातल्या मध्यवर्ती बँकांची मंडळी तिथं परिषदेला जमतात. २००५ साली याच परिषदेत रघुराम राजन यांनी वित्तव्यवस्थेत साचत चाललेल्या जोखमीबद्दल इशारा दिला होता आणि जमलेल्यांना तो फारसा रुचला नव्हता. परिषद दोन-तीन दिवसांत संपते. उरलेलं वर्षभर ही दरी चालवतात ती माणसं वेगळी: हॉटेलच्या खोल्या आवरणारी, बर्फ उपसणारी, स्कीच्या लिफ्टवर उभी राहणारी, स्वयंपाकघरात भांडी घासणारी, आणि प्रस्तुत लेखकासारखी हॉटेलच्या हिशेबखात्यात बसणारी.

या माणसांना तिथं घर का मिळत नाही, याचं उत्तर नकाशात आहे. जॅक्सन हे गाव वायोमिंग राज्यातल्या टेटन काउंटीत येतं आणि या काउंटीची सुमारे ९७ टक्के जमीन सरकारी आहे. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून राष्ट्रीय वनं, गावाच्या वेशीला भिडलेलं एल्क सांबरांचं अभयारण्य. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी एका कंपनीच्या नावाआड राहून इथली खासगी जमीन विकत घेत नेली, १९४९ मध्ये ती सरकारला दिली आणि १९५० मध्ये ती उद्यानात सामील झाली. म्हणूनच डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकही इमारत आडवी येत नाही आणि पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण मग शाळा, दुकानं, हॉटेलं, बंगले आणि कामगारांची घरं या सगळ्यांना उरलेल्या तीन टक्क्यांत दाटीवाटीनं बसावं लागतं. त्यातच वायोमिंगमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे देशभरातले धनिक इथं पत्ता नोंदवतात. दरडोई उत्पन्नात ही काउंटी अमेरिकेत अव्वल आहे. अब्जाधीशांनी लक्षाधीशांना हुसकावून लावलं, असा विनोद तिथं चालतो. जिथं लक्षाधीशांची ही गत, तिथं हिशेबनीसाला कोण विचारतो!

पश्चिमेला टेटन खिंड ओलांडली की आयडाहो राज्य लागतं. तिथली काउंटीही टेटनच, म्हणजे नावाचा घोळ आणखी वेगळा. व्हिक्टर आणि ड्रिग्ज ही तिथली गावं बियाण्याच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध. रस्त्याकडेच्या जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरपुढे ट्रकवर एक अवाढव्य बटाटा ठेवलेला आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मुलीनं पहिल्याच फेरीत व्हिक्टर त्या बटाट्यावरून पसंत केलं. बापानं पसंत केलं ते भाड्यावरून. जॅक्सनमध्ये दोन खोल्यांना ३,२०० डॉलर, व्हिक्टरमध्ये तेवढ्याच खोल्या, वर अंगण, आणि भाडं २,३००. महिन्याला ९०० डॉलर वाचणार. अंतर २४ मैल, म्हणजे ३९ किलोमीटर. पुण्यात लोक याहून जास्त वेळ वाहतूककोंडीत घालवतात, असं तो बायकोला म्हणाला. हे वाक्य तिनं लक्षात ठेवलं आहे.

२०२३च्या सप्टेंबरात सामान हललं. हिशेब मात्र मांडला गेला पुढच्या मार्चमध्ये, करविवरण भरताना. माणूस पेशानं हिशेबनीस, हे इथं पुन्हा सांगितलेलं बरं.

जाऊन-येऊन ४८ मैल, वर्षाला कामाचे २४० दिवस, म्हणजे ११,५२० मैल. गाडी चालवायचा खरा खर्च फक्त पेट्रोलचा नसतो. टायर, विमा, दुरुस्ती आणि गाडीची घसरत जाणारी किंमतही त्यात येते. अमेरिकेच्या करखात्यानं २०२४ साठी व्यावसायिक प्रवासाचा दर मैलाला ६७ सेंट धरला होता. घर ते कचेरी या प्रवासाला त्याची वजावट मिळत नाही, पण अंदाज बांधायला तो चालतो. त्या दरानं वर्षाचे ७,७१८ डॉलर झाले, महिन्याचे सुमारे ६४०. ९०० मधले उरले २६०.

मग कर. नोकरी वायोमिंगमध्ये असली तरी राहणारा आयडाहोचा रहिवासी, आणि आयडाहो आपल्या रहिवाशाच्या उत्पन्नावर कर घेतं, मग ते उत्पन्न कुठंही मिळवलेलं असो. वायोमिंगमध्ये काही भरलेलंच नसल्यानं तिकडच्या कराची सूट मागायचीही सोय नाही. दोघांच्या मिळकतीवर हा भुर्दंड महिन्याला १३० डॉलरच्या आसपास पडला. शिवाय वायोमिंगमध्ये किराण्यावर विक्रीकर नाही, आयडाहोत सहा टक्के आहे. त्यातला काही भाग विवरण भरल्यावर परत मिळतो, म्हणून तो सोडून देऊ. तरी हातात महिन्याला १३० डॉलर, वर्षाला १,५६० राहिले. त्यासाठी रोज दीड तास, वर्षाला ३६० तास रस्त्यावर. भागाकार केला तर तासाला साडेचार डॉलरसुद्धा पडत नाहीत. अमेरिकेतलं संघराज्याचं किमान वेतन तासाला सव्वासात आहे.

आणि हा दीड तास कसला? खिंड ८,४३१ फुटांवर. चढ दहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर फूट पुढं गेलं की दहा फूट वर. हिवाळ्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना बंदी. वरच्या उतारावर साचलेला बर्फ आपण होऊन कोसळायच्या आत पाडता यावा म्हणून रस्तेखात्यानं दूरवरून उडवता येणारी स्फोटयंत्रं बसवलेली आहेत. ती चालवायची आणि खाली आलेला ढिगारा उपसायचा, तेवढा वेळ रस्ता बंद. हे काम शक्यतो पहाटे उरकतात, पण निसर्ग वेळापत्रक पाळेलच असं नाही. पहिल्याच जानेवारीत प्रस्तुत लेखकाला चार दिवस कामावर पोचायला उशीर झाला आणि एक रात्र हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीमागच्या कोचावर काढावी लागली. मुलगी त्या रात्री शेजारणीकडे जेवली. शेजारीण मूळची मेक्सिकोची आणि तिची पोरंही तशीच अधूनमधून इकडं जेवायची, हा या सगळ्या प्रकरणातला निव्वळ फायदा.

तरीही हे सगळं रुटुखुटु चाललं असतं. ८ जून २०२४ ला, शनिवारी, खिंडीच्या वायोमिंगच्या बाजूला भराव घालून बांधलेला रस्त्याचा एक तुकडा सगळाच्या सगळा खाली गेला. भेग आधी दिसली होती आणि रस्ता बंद होता, म्हणून कुणाला इजा झाली नाही. छायाचित्र जगभर फिरलं. वाईहूनही फोन आला. सोमवारी कामावर जायचं तर दक्षिणेकडून स्वॉन व्हॅली, अल्पाइन आणि स्नेक नदीची घळ असा वळसा. २४ मैलांचे ८५ मैल झाले. रस्तेखात्यानं बाजूनं तात्पुरता रस्ता काढून २८ जूनला वाहतूक सुरू केली, हे काम खरोखर वाखाणण्यासारखं होतं. पण ते वीस दिवस कुणी गाडीत झोपलं, कुणी मित्राच्या बैठकीत पथारी टाकली. प्रस्तुत लेखकाला मालकानं आठवड्यातले चार दिवस एक रिकामी खोली दिली. हंगामात त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं त्याच्या दोन दिवसांच्या पगाराहून जास्त होतं.

जॅक्सनची गोष्ट एकट्या जॅक्सनची नाही. कोलोरॅडोत ॲस्पेनला काम करणारे रायफलसारख्या गावांतून साठ-सत्तर मैल येतात. व्हेलच्या कामगारांपैकी कित्येक जण राहतात लेडव्हिलला, दहा हजार फुटांवरच्या जुन्या खाणगावात. क्रेस्टेड ब्यूटला परवडत नाही ते गनिसनला, टेल्युराइडला परवडत नाही ते मॉन्ट्रोजला. पण या रस्त्या-रस्त्यांत फरक आहे. ॲस्पेन ते ग्लेनवुड स्प्रिंग्ज हा रस्ता दरीतून नदीकाठानं जातो, मधे खिंड नाही, आणि २०१३पासून तिथं जलद बससेवा आहे. ग्रामीण अमेरिकेतली अशी ती पहिलीच. उलट ग्लेनवुडच्या पूर्वेची घळ पाहा: २०२०च्या वणव्यानं तिथले उतार उघडे पडले आणि २०२१च्या पावसात चिखल वाहून आल्यानं हमरस्ता सुमारे दोन आठवडे बंद राहिला. भाड्याच्या जाहिरातीत दोन्हीकडची घरं सारखीच स्वस्त दिसतात.

म्हणून कुणी विचारलं तर प्रस्तुत लेखक आधी गावाबद्दल बोलतच नाही, रस्त्याबद्दल बोलतो. दुसरी वाट आहे का, आणि किती मैलांची? गेल्या दोन हिवाळ्यांत पहिली किती वेळा बंद होती? घर जुलैत पाहू नये; जुलैत हा सगळा मुलूख स्वर्ग असतो. जानेवारीत, कामावर निघायच्या वेळी, एक आठवडा त्या रस्त्यानं जाऊन-येऊन बघावं. जॅक्सनला खिंडीपलीकडून कामगारांची बस येते. तिची वेळ आपल्या पाळीशी जुळत असेल तर वर दिलेल्या हिशेबातला मैलाचा आकडा जवळजवळ पुसला जातो. प्रस्तुत लेखकाला हे कळायला आठ महिने लागले, कारण बस म्हणजे गाडी नसलेल्यांची सोय, असा त्याचा समज होता.

राज्याची सीमा ओलांडताना कराचं विवरण आधी कच्चं भरून पाहावं. अल्पाइनकडे राहणारा एक सहकारी जास्त मैल गाडी हाकतो, पण तो वायोमिंगमध्येच राहतो आणि प्राप्तिकर भरत नाही. मराठी मंडळींपैकी जे व्हिसावर आहेत त्यांनी आणखी एक पाहावं: पत्ता बदलला की दहा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून तो सरकारला कळवावा लागतो. एच-१बी वर घरूनच काम करणाऱ्याचं नवं घर जुन्या कामाच्या टापूबाहेर गेलं, तर कंपनीला सुधारित अर्जही करावा लागतो. स्वस्त घराच्या आनंदात हे मागं पडतं.

भाडेकरारात बर्फ कुणी उपसायचा हे लिहून घ्यावं. गॅसची टाकी कोण भरणार हेही. आणि महागड्या गावातल्या कामगारांसाठीच्या घरांच्या यादीत नाव असेल तर ते काढू नये. बाहेर राहायला गेल्यावर पात्रता टिकते की नाही, हे घरखात्याकडून लेखी विचारून घ्यावं. तिथं नंबर लागायला वर्षं जातात.

प्रस्तुत लेखक अजून व्हिक्टरलाच आहे. मुलीची शाळा रुळली, भाडं दोनदा वाढलं, आणि त्यानं पाच दिवसांऐवजी दहा-दहा तासांचे चार दिवस मागून घेतले. बस पकडायला घर पहाटेच सोडावं लागतं. कचेरीतल्या कपाटात बायकोनं भरून दिलेली एक पिशवी असते: दोन दिवसांचे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, मेतकुटाची डबी. गेल्या हिवाळ्यात ती तीनदा उघडावी लागली.