सॉफ्टवेअर महाग पडले की स्वस्त? पॉइंट मोजून बघा

सोसायटीच्या देखभाल-वसुलीसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचे म्हटले की कोटेशनमध्ये तळाचा आकडा ठळक असतो आणि त्या पैशांत काय मिळणार हे मोघम. बांधकामात चौरस फुटाचा दर विचारतो, तसा इथेही विचारता येतो. त्याचे एकक म्हणजे फंक्शन पॉइंट. आयबीएममधल्या अॅलन अल्ब्रेक्ट यांनी ते १९७९ साली मांडले. कोड किती ओळींचा झाला हे त्यात बघत नाहीत. वापरणाऱ्याला त्यातून काय करता येते ते मोजतात. ओळींवर पैसे मोजले तर लांबण लावणाऱ्याचेच फावते.

मोजणीच्या पद्धती बऱ्याच आहेत. इफपग संस्थेची पद्धत जास्त प्रचलित, पण तीत प्रत्येक बाब सोपी, मध्यम की अवघड हे नियमावलीतून ठरवावे लागते. घरगुती अंदाजाला डच संस्था नेस्माची सवलत पुरते: साठवलेली माहिती सोपी धरायची, व्यवहार मध्यम.

आपल्या सोसायटीचे बघू. सभासद, बिले आणि पावत्या असे माहितीचे तीन साठे. प्रत्येकी ७, झाले २१. सभासद नोंदवणे, बदलणे, वगळणे, बिल तयार करणे, पैसे जमा करणे या पाच नोंदी. प्रत्येकी ४, झाले २०. व्याजाचा हिशेब करून बिल छापणे आणि बेरजांसह थकबाकीची यादी. प्रत्येकी ५, झाले १०. सभासद शोधण्याचे ४. एकूण ५५ पॉइंट. वहीच्या एका पानावर मावते.

आता समजा, पहिल्याने ३,३०,००० रुपये सांगितले. पॉइंटला ६,००० पडले. दुसरा २,७३,००० म्हणतो आणि कमिटी खूश. पण त्याच्या कामाच्या यादीत थकबाकीची यादी नाही, सभासद बदलण्या-वगळण्याची सोय नाही. (फ्लॅट विकले जातात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.) हे १३ पॉइंट गेले, उरले ४२, दर पडला ६,५००. राहिलेले काम पुढे त्याच दराने करून घेतले तर ८४,५०० वाढतील आणि एकूण खर्च ३,५७,५०० होईल. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. खरा दर तुमच्या शहरात दोन-तीन कोटेशनांना पॉइंटांनी भागूनच कळेल.

यादी अपुरी आहे का, हे तपासायची एक युक्ती नेस्माकडेच आहे. आपल्या सॉफ्टवेअरने सांभाळायच्या दर साठ्याला सरसकट ३५ पॉइंट धरायचे. आपल्या तीन साठ्यांचे १०५ होतात आणि यादी भरते ५५. एवढी तफावत दिसली की खुशाल शंका घ्या. चुकलेले बिल दुरुस्त कसे करणार? चेक परत आला तर पावती रद्द कुठे करणार? अशी प्रत्येक विसरलेली नोंद ४ पॉइंटांची. ती करारापूर्वी आठवलेली बरी, कारण नंतर घासाघीस करायला हाती काही उरत नाही.

कोटेशनमध्ये ‘समायोजित’ पॉइंट दिसले तर थांबा. जुन्या पद्धतीत चौदा गुणविशेष बघून मूळ संख्या ३५ टक्क्यांपर्यंत खालीवर करत. म्हणजे आपले ५५ फुगून ७४ होऊ शकतात. आयएसओ २०९२६ या मानकात ही वाढ-घट नाही. मूळ संख्याच मागा. कॉस्मिक पद्धतीने मोजणाऱ्याची संख्या वेगळीच येईल, कारण तिथे माहितीची प्रत्येक हालचाल एक पॉइंट. दोन पद्धतींचे दर शेजारी ठेवून तुलना करू नका. कॉस्मिकची नियमपुस्तिका मात्र फुकट उतरवून घेता येते.

पॉइंटात न येणारा खर्चही असतो: सर्व्हर, एसएमएस, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल आणि वर १८ टक्के जीएसटी. वेग आणि सुरक्षितता यांचीही मोजणी यात नाही, त्या अटी करारात वेगळ्या लिहून घ्या. जुन्या वहीतली किंवा एक्सेलमधली माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याचे पैसे कोण देणार हेही आधीच विचारा.

पुढच्या बदलांचा दरही आत्ताच ठरवा. इफपगच्या नियमाप्रमाणे बदलाच्या कामात नवे, बदललेले आणि काढून टाकलेले, तिन्ही मोजतात. ‘ही सोय नको, काढा’ म्हटले तरी पॉइंट लागतात. काढण्याला कमी दर द्यायचा असेल तर करारात तसे स्पष्ट लिहा, आणि मोजणीचा तक्ता कोटेशनला जोडूनच सही करा.