गाडीचा ‘टाय रॉड एंड’ : छोटा सांधा, मोठी जबाबदारी



काही गटांनी माल वाहायला टेम्पो घेतलाय, काहींच्या घरी चारचाकी आहे. हप्ता आपण भरतो, बाजाराला त्याच गाडीतून जातो. पण खटखट ऐकू आली की “ते ड्रायव्हरला कळतं” म्हणून गप्प बसतो. आज एका छोट्या भागाची ओळख करून घेऊ. हा भाग निखळला तर स्टिअरिंग हातात असूनही चाक ऐकत नाही.

तो असतो कुठे?
स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांना वळवणारी दांडी म्हणजे टाय रॉड. तिच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा म्हणजे टाय रॉड एंड. आपल्या खुब्यात हाडाचा गोळा वाटीत फिरतो ना, तसाच इथे लोखंडी गोळा फिरतो. आत ग्रीस, वर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येतं, धूळ-चिखल आत जातो. मग गोळा झिजतो आणि सांधा ढिला पडतो.

लक्षणं कोणती?
• स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच वळत नाही.
• खड्ड्यातून जाताना पुढून खटखट येते.
• पुढचं टायर एकाच कडेला जास्त झिजतं.
• गाडी एका बाजूला ओढते.

ही लक्षणं दुसऱ्या बिघाडाचीही असू शकतात. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी.

आपण काय बघायचं?
गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. एकीने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायचं, दुसरीने बाजूने वाकून सांध्याकडे बघायचं. रबर फाटलंय किंवा सांध्यात खटका बसतोय, तर गाडी गॅरेजला न्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?
“नट नीट आवळला का? पिन नवी घातली का? अलाइनमेंट केलं का?” अलाइनमेंट राहिलं तर चांगलं टायरही लवकर झिजतं. जुना भाग मागून घ्या, बिल गाडीच्या वहीत लावा.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाबरोबर एवढं विचारा : “रबर शेवटचं कधी बघितलं?” उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी बघून घ्या. त्या गाडीत आपल्याच बाया बसतात.