तेहतिशीत रिंगमध्ये उतरू का?

प्रश्न : माझं वय 33, वजन 71 किलो. चिंचवडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शाळेत कबड्डी खेळलो, त्यानंतर खेळाशी संबंध नाही. वर्षभरापासून घराजवळच्या जिममध्ये बॉक्सिंगच्या बॅगवर हात चालवतो आणि आता स्पर्धेत उतरावंसं वाटू लागलंय. जिमचे सर म्हणतात, "सहा महिन्यांत तुमची फाइट लावतो, पुढं प्रो पण होता येईल." बायको म्हणते, "डोकं ठिकाणावर आहे का?" कुणाचं ऐकू? आणि बॉक्सिंगच करू, की कुस्ती, जुदो, जिउजित्सू यांपैकी काही? ता. क. – चष्मा आहे, नंबर उणे साडेपाच. चालेल ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सरांचं ऐकू नका. वहिनींचंही सगळंच ऐकायला हवं असं नाही.

आधी नियम बघू. हौशी बॉक्सिंगमध्ये 19 ते 40 वर्षं हा एकच वरिष्ठ गट असतो. पूर्वी वरची मर्यादा 34 होती, 2013 मध्ये ती 40 झाली. त्यामुळं कागदावर तुमच्या हातात अजून सात वर्षं आहेत. चाळिशीनंतर मात्र हे दार बंद होतं, आणि ते कुणासाठीही उघडत नाही. मेरी कोम नोव्हेंबर 2022 मध्ये चाळीस वर्षांच्या झाल्या. जिंकायची भूक अजून आहे, पण वयाच्या नियमामुळं खेळता येत नाही, असं त्यांनी जानेवारी 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. सहा वेळा जगज्जेती झालेल्या बाईंची ही गत, तर तुमच्यामाझ्यासाठी कोण नियम वाकवणार?

खरी अडचण मात्र चाळिशीच्या दाराशी नाही, एकोणिसाच्या दाराशी आहे. गट एकच असल्यामुळं चिठ्ठी निघाली की समोर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा उभा राहू शकतो. तो सब-ज्युनियरपासून रिंगमध्ये आहे. त्यानं शाळा बुडवून जिल्हा, विभाग, राज्य असं सगळं केलेलं आहे आणि तुमच्या खांद्याच्या हालचालीवरून जॅब कधी येणार ते त्याला कळतं. त्याच्या दृष्टीनं तुम्ही पहिल्या फेरीतली सोपी बाऊट. पंच तुमचं वय बघून गुण देत नाहीत.

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीत या बाबतीत जास्त शहाणपण होतं आणि अजूनही आहे. मैदान सुरू व्हायच्या आधी गावातले जाणते पंच पोरांना समोरासमोर उभं करतात. उंची, मान, मांड्या बघतात, "कुठल्या तालमीचा?" म्हणून विचारतात आणि मग जोड लावतात. रेवड्यांवरची कुस्ती असो, नारळावरची असो की हजारांच्या इनामाची, विजोड कुस्ती लागली तर प्रेक्षकच ओरडा करतात. मोठ्या वयात लढतीच्या खेळात शिरणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच बघावं : हा खेळ माझी जोड कशावरून लावतो? फक्त वजनावरून, की वय आणि अनुभवही धरून?

या कसोटीवर एकेक खेळ घासून बघा. कुस्तीच्या जागतिक संघटनेचा वेटरन गट 35 पासून सुरू होतो आणि पुढं पाच-पाच वर्षांचे टप्पे आहेत. तुम्हाला अजून दोन वर्षं थांबावं लागेल. शिवाय त्या गटात उतरणारे बहुतेक जण लहानपणापासून मातीत किंवा मॅटवर वाढलेले असतात. चाळिशीचा जुना पैलवान म्हणजे नवखा नव्हे. दम कमी झाला असेल, पण पट काढायचा म्हटलं की त्याच्या अंगातलं सगळं जागं होतं. जुदोत वेटरन गट 30 पासूनच आहे, म्हणजे तुम्ही आजही बसता, पण तिथंही वय जुळतं, अनुभव जुळतोच असं नाही.

ब्राझिलियन जिउजित्सूत जोड लावायची पद्धत तुमच्या सोयीची आहे. त्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत 30 पासून मास्टर 1, 36 पासून मास्टर 2, 41 पासून मास्टर 3 असे गट चढत जातात. त्यावर वजनाचे गट, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्ट्याचे गट. पांढऱ्या पट्ट्याची लढत पांढऱ्या पट्ट्याशीच. म्हणजे तुमच्यासारखाच कुणी नोकरदार, तुमच्याच वयाचा आणि वजनाचा, दीड-दोन वर्षं शिकलेला माणूस समोर येण्याची शक्यता बरीच. शिवाय या खेळात ठोसे नाहीत. पकड, उलटवणं, सांधा किंवा गळा आवळणं, आणि सहन होईना तर समोरच्याच्या अंगावर हातानं थाप मारली की लढत संपली. (मूळ जुदोचंच. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि ग्रेसी कुटुंबानं ती विद्या पुढं वाढवली.) मुंबई-पुण्यात याचे क्लब आहेत. स्पर्धेचं बिल्ला-पदक हवं असेल आणि सोमवारी कामावरही जायचं असेल, तर माझं मत या खेळाला.

आता ती 'उशिरा सुरू करून जगज्जेता झाला' वाली यादी. तुम्ही ती नक्की वाचली असणार, आणि तुमच्या सरांनीही ती ऐकवली असणार. डिऑन्टे वाइल्डरनं विसाव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं आणि 2015 मध्ये हेवीवेट विजेता झाला. फ्रान्सिस एन्गानू कॅमेरूनच्या वाळूच्या खाणीत राबत होता, बाविसाव्या वर्षी बॉक्सिंगकडं वळला आणि 2021 मध्ये यूएफसी या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) संघटनेचा हेवीवेट विजेता झाला. टायरच्या दुकानात काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स परेरानं दारू सुटावी म्हणून एकविसाव्या वर्षी किकबॉक्सिंग धरलं. सगळं खरं आहे. पण यादी नीट बघा. यांचं 'उशिरा' म्हणजे वीस ते बावीस. आणि तिघंही दांडगे गडी, वरच्या वजनांतले. अंगात जन्मजात ताकद आणि लांब हात असले की त्या वजनात बरंच काही झाकलं जातं. खालच्या आणि मधल्या वजनांत वेग आणि अंतराचा अंदाज लागतो. तो लहानपणापासून हजारो राउंड खेळूनच येतो. रँडी कूटूर 33 व्या वर्षी एमएमएत उतरला आणि 43 व्या वर्षी पुन्हा विजेता झाला, हे उदाहरणही तुमच्या तोंडावर फेकलं जाईल. तो आधी वरच्या दर्जाचा ग्रीको-रोमन पैलवान होता, हे मात्र सांगितलं जाणार नाही.

'प्रो' होण्याबद्दल एका वाक्यात सांगतो : विसरा. जरा लांबवून सांगायचं तर, आपल्या देशात बॉक्सर-पैलवानाचं करिअर म्हणजे बहुतेकांसाठी रेल्वे, सैन्यदल नाहीतर पोलिसांतली खेळाडूची नोकरी. पदक तिथं पोचवतं, नोकरी खुराक चालवते. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीचं वय साधारण 18 ते 25. ती गाडी गेली. खासगी प्रमोशनच्या लढतींत नवख्याला मिळणारे पैसे दाताच्या एका रूट कॅनललाही पुरतील की नाही, शंका आहे. तुम्हाला नोकरी आहे हीच तुमची जमेची बाजू समजा. तुम्ही पोटासाठी लढत नाही, त्यामुळं नको असलेल्या लढतीला नाही म्हणू शकता. विशीतल्या पोराला ती मुभा नसते.

सहा महिन्यांच्या 'फाइट'बद्दल मला जास्त काळजी वाटते. न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममध्ये 1980 च्या दशकात वकील आणि शेअर दलालांसाठी अशा हौशी लढती सुरू झाल्या आणि मग ती फॅशन जगभर गेली. त्यात गैर काही नाही, पण बरेचसे असे कार्यक्रम कुठल्याच अधिकृत संघटनेच्या नियमांत बसत नाहीत. 2022 च्या जुलैमध्ये बंगळुरूला एका किकबॉक्सिंग स्पर्धेत एक तरुण डोक्यावरच्या फटक्यानं कोसळला आणि काही दिवसांत गेला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. म्हणून सरांना सरळ विचारा : स्पर्धेला राज्य संघटनेची मान्यता आहे का? रिंगशेजारी डॉक्टर कोण? रुग्णवाहिका दारात उभी असणार की फोन केल्यावर येणार? समोरच्याच्या आतापर्यंत किती बाऊट झाल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "बघू, मिळेल कुणीतरी" असं आलं, तर हातमोजे पिशवीत घाला आणि घरी या.

बॅगवर वर्षभर हात चालवल्यानं काय होतं आणि काय होत नाही, हेही सांगतो. बॅग उलटून मारत नाही. पहिल्या खऱ्या स्पॅरिंगला जवळजवळ सगळ्यांचं एकच होतं. समोरून जॅब आला की डोळे मिटतात आणि मान वर जाते. श्वास कोंडला जातो. हे तुमच्या लक्षात येत नाही, कोपऱ्यातून सर "श्वास सोडा" म्हणून ओरडतात तेही ऐकू येत नाही. मिनिटभरात खांदे पेटतात, दीड मिनिटाला हात हनुवटीवरून खाली येतात. मागं कलून मारलेला ठोसा चार बोटं अलीकडंच संपतो. तीन मिनिटांचा एक राउंड, असे तीन. हे सगळं तीन महिन्यांत सुधारत नाही. म्हणून पहिले कित्येक महिने स्पॅरिंग हलकंच हवं : 16 औंसांचे हातमोजे, ताकद अर्धीही नाही, आणि काम एकच, डोळे उघडे ठेवणं. दातांचं गार्ड बाजारातलं गरम पाण्यात बुडवून बसवायचं न घेता डेंटिस्टकडून मापाचं करून घ्या.

"डोक्याला हेडगार्ड आहे ना" या भरवशावर राहू नका. पुरुषांच्या वरिष्ठ गटात 2013 पासून हेडगार्ड काढलंच आहे. हेडगार्डनं कातडी फाटत नाही, सूज कमी येते. पण मेंदू कवटीच्या आत हलतो, तिथं हेडगार्डचा हात पोचत नाही. फटका लागून चक्कर, मळमळ, धूसर दिसणं असं काहीही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत स्पॅरिंग नाही. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो कितीतरी जास्त महागात पडतो. डोक्याला मार लागून बाऊट थांबली तर हौशी बॉक्सिंगमध्ये किमान 30 दिवस सक्तीची विश्रांती असते. जिममध्ये ही सक्ती करणारं कुणी नसतं, ती तुम्हीच करायची.

तिशीनंतर दम आणि स्नायू सराव केला की बऱ्यापैकी वाढतात. मात्र स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश तयार होतात. त्यामुळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "आता अंगात आलंय" असं वाटतं आणि नेमका तेव्हाच खांदा किंवा मनगट जातं. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. रात्रपाळीच्या आठवड्यात स्पॅरिंग ठेवू नका.

आणि वजन तोडण्याच्या भानगडीत पडू नका. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं वजन अंतिम लढतीच्या सकाळी साधारण 100 ग्रॅम जास्त भरलं आणि पदक गेलं, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी 2015 च्या डिसेंबरात यांग जियान बिंग हा चिनी एमएमए खेळाडू वजन उतरवताना शरीरातलं पाणी कमी होऊन मेला. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या संघटनेनं पाणी तोडून वजन कमी करायलाच बंदी घातली. तुमच्या पहिल्या लढतीवर देशाचं पदक अवलंबून नाही. 71 भरतंय तर 71 किलो ज्या गटात बसतं त्याच गटात लढा.

पहिली लढत कधी? जिउजित्सूत नियमित गेलात तर वर्षभरानं पांढऱ्या पट्ट्याची स्थानिक स्पर्धा करायला हरकत नाही. बॉक्सिंगमध्ये मी दीड ते दोन वर्षं म्हणेन, तेही तुमच्यासारख्याच नवख्याशी जोड लागत असेल तर. त्याआधी अपघात विम्याची पॉलिसी काढून वाचा. 'धोकादायक खेळ' वगळलेत का, ते बारीक अक्षरांत असतं.

आता तुमचा ताजा कलम. वरचं सगळं यावर अवलंबून आहे. उणे साडेपाच हा मोठा नंबर. अशा डोळ्याचा गोळा लांबट असतो आणि आतला पडदा, म्हणजे रेटिना, कडेला ताणून पातळ झालेला असू शकतो. डोळ्यावर ठोसा बसला तर तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणं इथं चालत नाही. नेत्रतज्ज्ञांकडं जाऊन थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही, वहिनींना बरोबर न्या. "लेसर करून नंबर घालवतो आणि मग खेळतो" असा विचार असेल तर थांबा. लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून परत बसवतात आणि जोराच्या फटक्यानं ती सरकू शकते. आणि नंबर गेला तरी पातळ झालेला पडदा पातळच राहतो. डॉक्टर बॉक्सिंगला नाही म्हणाले तर बॉक्सिंगचा विषय तिथंच मिटवा, दुसरा डॉक्टर शोधत बसू नका. जिउजित्सूचं त्यांना वेगळं विचारा. विचारताना 'मार्शल आर्ट' असं मोघम न सांगता यात ठोसे नसतात, पण झटापटीत बोट किंवा कोपर डोळ्याला लागू शकतं, मानेवर आणि गळ्यावर दाब येतो, एवढं स्पष्ट सांगा. त्यांचं उत्तर त्यावर ठरेल.